वैद्य की खाटीक? : टर्टुलियनच्या एका वाक्याची उलटतपासणी

काही वाक्ये एकदा कानांवर पडली, की मनातून जाता जात नाहीत. ती खरी आहेत किंवा नाहीत, याची चौकशी करण्याचे भानही मग राहत नाही. त्यांची धारच त्यांचा पुरावा होऊन बसते. कार्थेजचा ख्रिस्ती ग्रंथकार टर्टुलियन याने इ. स. २१० च्या सुमारास लिहिलेल्या ‘दे आनिमा’, म्हणजे ‘आत्म्याविषयी’, या लॅटिन ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात असेच एक वाक्य आहे. त्याचा रोख हेरोफिलस या ग्रीक वैद्यावर आहे. या माणसाला वैद्य म्हणावे की खाटीक, असा टर्टुलियनचा सवाल आहे. त्याने शेकड्यांनी माणसे कापली आणि मनुष्यदेह जाणण्याच्या हव्यासापायी तो मनुष्याचाच वैरी झाला, असा त्याचा आरोप आहे.

सेमिनरीत आद्य ख्रिस्ती आचार्यांच्या ग्रंथांचा परिचय करून घेताना हे वाक्य आमच्या वहीत उतरले आणि कित्येक वर्षे तेथेच राहिले. वहीत राहिले असते तर काही बिघडले नसते. परंतु एका नोव्हेंबर महिन्यात, मृतांच्या स्मरणदिनी, मृतदेहाच्या पावित्र्यावर प्रवचन करताना आम्ही ते वेदीवरून उच्चारले. ऐकणाऱ्यांवर त्याचा परिणाम झालेला आम्हांला दिसला आणि, खरे सांगायचे तर, बरेही वाटले. पुढे काही महिन्यांनी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध शिक्षक आजारी पडले. आपला देह मरणोत्तर वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. अर्जही त्यांनी भरून ठेवला होता. मुलांचा त्याला विरोध होता. आम्ही रुग्णाभ्यंगाचा संस्कार देण्यासाठी घरी गेलो, तेव्हा थोरला मुलगा वडिलांदेखत म्हणाला, “फादर, तुम्हीच प्रवचनात सांगितलंत ना, की हे खाटकाचं काम आहे म्हणून? मग बाबांना तुम्हीच समजवा.” शिक्षक आमच्याकडे पाहत राहिले. आम्ही गुळमुळीत काहीतरी बोललो आणि तेल घेऊन पुढे झालो. पंधरा दिवसांनी त्यांचे दफन झाले. अर्ज कपाटातच राहिला.

त्यानंतर आम्ही टर्टुलियनचा ग्रंथ पुन्हा उघडला. ज्या वाक्याच्या बळावर आपण दुसऱ्याच्या शेवटच्या इच्छेआड आलो, ते वाक्य कोठून आले, कशाच्या आधारावर उभे आहे आणि त्याच्या आजूबाजूला काय लिहिले आहे, हे तपासून पाहणे आमचे कर्तव्यच होते. ते आधी केले नाही, ही आमची चूक. प्रस्तुत लेख म्हणजे त्या तपासणीचा वृत्तांत आहे.

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊ. हेरोफिलसचा जन्म इ. स. पूर्व ३३० च्या सुमारास कॅल्सेडॉन येथे झाला. बायझँटियमच्या समोर, सामुद्रधुनीच्या आशियाई काठावर वसलेले हे नगर आज इस्तंबूलचाच एक भाग आहे. वाचकांच्या कानांना हे नाव अपरिचित नसावे. इ. स. ४५१ मध्ये याच नगरात भरलेल्या विश्वपरिषदेने, प्रभू येशू ख्रिस्त हा खरा देव आणि खरा मनुष्य आहे, त्याला आपल्यासारखाच देह व विवेकी आत्मा आहे, हे श्रद्धासत्य शब्दबद्ध केले. मनुष्यदेहाची रचना प्रथम तपशिलाने पाहणारा वैद्य आणि देवपुत्राच्या मनुष्यदेहाची ग्वाही देणारी परिषद यांचे गाव एकच असावे, हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून आम्ही काही सिद्ध करू इच्छीत नाही. परंतु योगायोगही काही वेळा मनाला थांबवून धरतात.

कॉस बेटाच्या परंपरेतील प्राक्सागोरस या वैद्याकडे शिकून हेरोफिलस अलेक्झांड्रियाला आला. इ. स. पूर्व ३३१ मध्ये वसलेले ते नगर तेव्हा अगदी नवे होते. पहिला आणि दुसरा टॉलेमी या राजांनी विद्वानांना तेथे आश्रय दिला. हिब्रू धर्मशास्त्राचे ग्रीक भाषांतर होण्यास त्याच शतकात, त्याच नगरात प्रारंभ झाला. परंपरा त्याचे श्रेय दुसऱ्या टॉलेमीच्या पुढाकारास देते. नव्या करारातील लेखकांनी जुन्या करारातील वचने उद्धृत करताना बहुधा याच भाषांतराचा आधार घेतला. मोशेचे ग्रंथ ग्रीकमध्ये उतरत होते, तेथेच मनुष्याचे शव प्रथमच पद्धतशीरपणे उघडले जात होते.

ही गोष्ट किती नवी होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ग्रीक समाजात प्रेताचा विटाळ मानीत. इ. स. पूर्व ३२२ मध्ये निधन पावलेल्या अॅरिस्टॉटलसारख्या निरीक्षकानेही, मनुष्याच्या आतील अवयवांची माहिती आपल्याला नाही, ती जनावरांवरून अनुमानानेच घ्यावी लागते, अशी कबुली दिली आहे. त्याच्या मते विचाराचे व संवेदनेचे केंद्र हृदय होते. मेंदूचे काम शरीरातील उष्णता शमविण्याचे. हेरोफिलसने मेंदू उघडून पाहिला आणि हा निष्कर्ष उलटविला. मोठा मेंदू व त्याच्या मागील लहान मेंदू यांतील भेद त्याने दाखविला. मेंदूतील पोकळ्यांचे वर्णन केले आणि बुद्धीचे स्थान तेथे सांगितले. मज्जातंतू हे शिरा व स्नायुबंध यांहून वेगळे आहेत, त्यांतील काही संवेदनेचे व काही हालचालीचे काम करतात, हे त्याने ओळखले. धमनीची भिंत नीलेच्या भिंतीच्या सहा पट जाड असते, असे त्याने नोंदविले. यकृताचे, डोळ्याच्या पटलांचे व स्त्रीच्या बीजकोशांचे वर्णन त्याने केले. नाडीचे ठोके मोजण्यासाठी त्याने जलघटिका वापरली आणि नाडीच्या तालाचे वर्णन करण्यासाठी संगीतशास्त्राची परिभाषा घेतली. सुईणींच्या उपयोगाचा एक ग्रंथही त्याच्या नावावर आहे.

समीक्षकाच्या दृष्टीने आम्हांला विशेष वाटते, ती त्याने अवयवांना दिलेली नावे. मेंदूच्या मागील पोकळीतील एका खाचेत त्याला अलेक्झांड्रियाच्या लेखनिकांची बोरूची लेखणी दिसली. डोक्याच्या मागील बाजूस रक्तवाहिन्या जेथे एकत्र येतात, तेथे त्याला द्राक्षे तुडविण्याचे कुंड दिसले. त्या जागेला शरीररचनाशास्त्रात आजही ‘हेरोफिलसचे द्राक्षकुंड’ या अर्थाचे लॅटिन नाव आहे. डोळ्याच्या आतील पडदा त्याला कोळ्याने वर ओढून घेतलेल्या फेकजाळ्यासारखा वाटला. लहान आतड्याचा पहिला भाग त्याने बारा बोटे लांब भरविला आणि त्याचे नावच तसे ठेवले. लेखणी, द्राक्षकुंड, जाळे, बोटे. ही नावे ठेवणारा माणूस रोजच्या कामधंद्याच्या जगात वावरणारा, हात आणि हत्यारे यांकडे प्रेमाने पाहणारा असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. अर्थात, नावे सुंदर ठेवली म्हणून हात निर्मळ ठरत नाहीत. हेही आम्ही विसरत नाही.

अडचण अशी, की हेरोफिलसचा एकही ग्रंथ आज अखंड उपलब्ध नाही. त्याच्याविषयी आपल्याला जे कळते, ते इतरांनी दिलेल्या उताऱ्यांतून आणि उल्लेखांतून. ते सारे विखुरलेले अवशेष हाइनरिख फॉन श्टाडेन या विद्वानाने १९८९ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ग्रंथात एकत्र केले आहेत. म्हणजे आरोपी स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने व त्याच्याविरुद्ध केवळ साक्षीदार बोलतात. अशा खटल्यात प्रत्येक साक्षीदाराला, तो केव्हा आला, कोणाकडून ऐकून आला आणि कशासाठी बोलतो आहे, हे विचारलेच पाहिजे. टर्टुलियन ख्रिस्तसभेचा आद्य लॅटिन लेखक आहे. लॅटिन धर्मविचाराची कितीतरी परिभाषा त्याने घडविली. म्हणून त्याला या प्रश्नांतून सूट देता येणार नाही.

पहिला प्रश्न संदर्भाचा. टर्टुलियनचे ते वाक्य शवविच्छेदनाच्या नीतीविषयीच्या चर्चेत आलेलेच नाही, हे पाहून आम्हांला आश्चर्य वाटले. दहाव्या प्रकरणाचा विषय आहे आत्म्याचे एकसंधपण. जगणे आणि श्वास घेणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असे टर्टुलियनला म्हणायचे आहे. प्रतिपक्ष म्हणतो, की चिलटे, मुंग्या असल्या जीवांना फुप्फुसे नसतात, ते श्वास घेत नाहीत, तरी जगतात. त्यावर टर्टुलियनचे उत्तर असे, की एवढ्याशा जीवांच्या पोटात काय आहे, हे तुम्ही पाहिले आहे काय? हेरोफिलसने इतकी माणसे कापली, पण त्यालादेखील माणसाचे अंतरंग पूर्णपणे कळले असेल की नाही, कोण जाणे. कारण मरणच आतील गोष्टी पालटून टाकते. म्हणजे हेरोफिलस येथे आला तो केवळ जाता जाता, मुंगीच्या श्वासाच्या निमित्ताने.

गंमत अशी, की मूळ मुद्द्यावर टर्टुलियन बरोबर होता. कीटक खरोखरच श्वास घेतात. १६६९ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने रेशमाच्या किड्याची चिरफाड करून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या अंगातील हवेच्या नलिका दाखवून दिल्या. हाच माल्पिघी पुढे पोप बारावे इनोसंट यांचा वैद्य झाला. टर्टुलियनचे अनुमान खरे ठरविले, ते त्याने ज्याची हेटाळणी केली त्या सुरीनेच.

दुसरा प्रश्न आकड्याचा. टर्टुलियन सहाशे माणसांची गोष्ट करतो. आमच्या प्रवचनात आम्ही हा आकडा चांगला दाबून उच्चारला होता. परंतु लॅटिनमध्ये ‘सहाशे’ म्हणजे ‘असंख्य’, असा वाक्प्रचार फार जुना आहे. प्लाउटसच्या नाटकांत व सिसेरोच्या लेखनात तो येतो. आपण मराठीत ‘असे छप्पन्न पाहिले’ म्हणतो, तेव्हा कोणी छप्पन्न माणसे मोजून आलेला नसतो. तसेच हे. टर्टुलियनने मोजणी केली नव्हती. आम्ही मात्र ती केल्यासारखी सांगितली.

तिसरा प्रश्न स्रोताचा. हेरोफिलस व टर्टुलियन यांच्यामध्ये सुमारे साडेचारशे वर्षांचे अंतर आहे. ‘दे आनिमा’ लिहिताना टर्टुलियनने एफेससच्या सोरेनस या वैद्याच्या आत्म्यावरील चार खंडांचा आधार घेतला होता. त्याचा उल्लेख तो स्वतःच करतो. तेव्हा वैद्यांविषयीची त्याची माहिती वैद्यांकडूनच आलेली आहे. मरणाने व शस्त्राने शरीराचे अंतरंग पालटते, हा त्याचा युक्तिवादही त्याचा स्वतःचा नाही. वैद्यांतील अनुभववादी पंथ तो टर्टुलियनच्या पावणेदोनशे वर्षे आधीपासून आपल्या विरोधकांवर फेकीत होता. म्हणजे एका पेशातील जुन्या भांडणातला दगड टर्टुलियनने उचलला आणि धर्मचर्चेत भिरकावला.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, तो सुसंगतीचा. त्याच ग्रंथाच्या पंचविसाव्या प्रकरणात हेरोफिलस पुन्हा भेटतो. तेथे विषय गर्भातील जीवाचा आहे. अडलेल्या बाळंतपणात आईला वाचविण्यासाठी वैद्य गर्भावर जे शस्त्र चालवीत, त्याचे वर्णन करून टर्टुलियन म्हणतो, की हिप्पोक्रेटिस, एरॅसिस्ट्रेटस, हेरोफिलस, सोरेनस या सर्वांना गर्भ जिवंत असल्याची खात्री होती. म्हणूनच, तो जिवंतपणी फाडला जाऊ नये, अशी त्यांना त्याची दया आली. हेरोफिलसला येथेही तो एक टोमणा मारतो, पण साक्ष त्याचीच काढतो. दहाव्या प्रकरणात जो निर्दय आहे, तोच पंचविसाव्यात दयावंतांच्या पंक्तीत बसला आहे. जीव गर्भधारणेपासूनच असतो, हे ख्रिस्ती मत पुढे मांडण्यासाठी टर्टुलियनला वैद्यांचे ज्ञान हवे होते. मुंगीच्या वादात त्याला ते नको होते. वकिली पिंडाच्या लेखकाची ही जुनी खोड आहे. साक्षीदार आपल्या बाजूने बोलला तर प्रामाणिक, उलट बोलला तर लबाड.

एवढ्यावरून टर्टुलियनचा आरोप खोटा ठरतो काय? नाही. त्याची साक्ष दुबळी ठरते, एवढेच. त्याच्याहून जुना आणि शांत डोक्याचा एक साक्षीदार आपल्याकडे आहे. इ. स. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात, रोममध्ये केल्सस या विद्वानाने वैद्यकावर आठ खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की हेरोफिलस व एरॅसिस्ट्रेटस यांनी राजांकडून कारागृहातील गुन्हेगार मिळविले आणि त्यांचा श्वास चालू असताना त्यांचे अवयव उघडून पाहिले. हे त्याने निंदेसाठी लिहिलेले नाही. ज्या वैद्यांना ही गोष्ट योग्य वाटत होती, त्यांच्याच तोंडी ती घातली आहे. समर्थकांनी दिलेल्या कबुलीला विरोधकाच्या आरोपापेक्षा अधिक वजन असते.

याच्या उलट गॅलेनचे मौन आहे. इ. स. १२९ मध्ये जन्मलेला गॅलेन स्वतः अलेक्झांड्रियात शिकला. त्याने हेरोफिलसचे ग्रंथ वाचले होते, त्यांतील उतारे दिले, शरीररचनेच्या अचूक ज्ञानाबद्दल त्याची वाखाणणी केली आणि हे ज्ञान त्याने मुख्यतः मनुष्यदेहांवरून मिळविले, असेही नमूद केले. पूर्वसूरींच्या चुका काढण्यात गॅलेनने कधी संकोच केला नाही. तरी जिवंत माणसे कापल्याची गोष्ट त्याच्या लेखनात नाही. म्हणून काही अभ्यासक हा आरोप नाकारतात. फॉन श्टाडेन मात्र केल्ससची साक्ष सहजी बाजूला सारता येत नाही, या मताचे आहेत. आमचाही कौल, जड मनाने, तिकडेच झुकतो. राजाच्या कृपेने ज्या नगरात सर्व काही मिळत होते, तेथे कैदीही मिळाले असावेत, हे अशक्य वाटत नाही.

मग खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो टर्टुलियनच्या अलंकारांत नाही. केल्ससच्या साध्या गद्यात आहे. जिवंत विच्छेदनाचे समर्थक काय म्हणत, हे केल्सस सांगतो: थोड्या गुन्हेगारांच्या यातनांतून सर्व काळच्या निरपराध लोकांसाठी उपाय सापडत असतील, तर त्यास क्रौर्य का म्हणावे? हा युक्तिवाद आम्ही वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. तो आम्ही आधी ऐकला होता. योहानाच्या शुभवर्तमानात, सर्व लोकांचा नाश होण्यापेक्षा एकाने मरावे हे हितकर, असा सल्ला प्रमुख याजक कयफा देतो. अगदी तोच हिशेब. आणि ज्याच्याविषयी तो मांडला गेला, तोही राज्याच्या दप्तरी एक गुन्हेगारच ठरला होता. टॉलेमींच्या कारागृहातून बाहेर काढलेल्या त्या माणसांचा गुन्हा काय होता, त्यांची नावे काय होती, हे कोणीही लिहून ठेवलेले नाही. हेरोफिलसचे नाव आपल्या डोक्याच्या मागील रक्तवाहिन्यांना चिकटून राहिले; त्यांचे कशालाच नाही.

केल्सस या युक्तिवादाला उत्तरही देतो, आणि ते त्याने अनुभववादी वैद्यांकडून घेतले आहे. त्यांचे म्हणणे असे, की आखाड्यात जखमी झालेला योद्धा, रणांगणावरचा शिपाई किंवा वाटेत लुटारूंनी घायाळ केलेला प्रवासी वैद्यापुढे येतो, तेव्हा त्याच्या जखमा बांधता बांधता वैद्याला देहाचे अंतरंग दिसते. जे दुसरे क्रौर्याने शिकतात, ते तो करुणेने शिकतो. लुटारूंनी घायाळ केलेला प्रवासी! लूकच्या शुभवर्तमानातील यरीहोच्या वाटेवरचा तो मनुष्य आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. शेवटी केल्सस स्वतःचा निर्णय देतो: जिवंत माणूस कापणे क्रूर आहे आणि अनावश्यकही, परंतु शिकणाऱ्यांसाठी मृतदेहाचे विच्छेदन आवश्यक आहे. ख्रिस्ताचे नावही बहुधा न ऐकलेल्या एका रोमन लेखकाने घातलेली ही मर्यादा टर्टुलियनच्या सवालापेक्षा आम्हांला अधिक न्याय्य वाटते. टर्टुलियनने मृत आणि जिवंत यांच्यातील रेषाच पुसून टाकली. आम्ही वेदीवरून नेमके तेच केले.

संत ऑगस्टिन यांनी हाच विषय कसा हाताळला, हे तुलनेसाठी पाहण्याजोगे आहे. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या खंडातील चोविसाव्या प्रकरणात ते शरीरतज्ज्ञांच्या निष्ठुर चिकाटीचा उल्लेख करतात. मृतांचे आणि मरणोन्मुखांचेही विच्छेदन झाल्याचे त्यांच्या कानांवर आले होते. परंतु ते नाव कोणाचे घेत नाहीत, आणि ज्या प्रकरणात हा उल्लेख येतो, ते प्रकरण देवाने मनुष्याला दिलेल्या देणग्यांबद्दलच्या कृतज्ञतेचे आहे. देहाच्या आतील सुसंवाद अद्याप कोणाला उलगडला नाही. उलगडला तर तो बाहेरच्या सौंदर्याहूनही मन मोहील, असा त्यांचा भाव. दोष दाखवूनही ज्ञानाची ओढ त्यांनी नाकारली नाही. दोघेही आफ्रिकेचे, दोघेही वक्तृत्वात मुरलेले. पण एकाचे वाक्य घाव घालते, दुसऱ्याचे विचारास बसविते.

अर्धवट वाक्यांचा हा व्यापार एकाच बाजूने चालतो, असे नाही. पोपने शवविच्छेदनास बंदी घातली होती, असे पुष्कळदा छापून येते आणि पुराव्यादाखल पोप आठवे बोनिफस यांच्या १२९९ च्या आज्ञापत्राचे नाव घेतले जाते. ते आज्ञापत्र दूरदेशी मेलेल्यांची प्रेते उकळून, हाडे मायदेशी नेण्याच्या चालीविरुद्ध होते. त्यानंतर वीस वर्षांच्या आत इटलीतील बोलोन्या येथे मोंदिनो हा अध्यापक विद्यार्थ्यांपुढे मनुष्यदेह उघडीत होता आणि १३१६ मध्ये त्याने त्यावर पाठ्यपुस्तकही लिहिले. हेरोफिलसनंतर सुमारे पंधरा शतके बंद राहिलेली ती वाट ख्रिस्ती युरोपच्या एका विद्यापीठात पुन्हा उघडली. ख्रिस्तसभेविरुद्धचे अर्धे वाक्य आपल्याला झोंबते. मग आपल्या बाजूच्या अर्ध्या वाक्याने दुसऱ्याला काय होते, हेही आपल्याला कळले पाहिजे.

या विषयावर ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाही. पोप बारावे पायस यांनी १९५६ मध्ये, नेत्रदानाच्या संदर्भात बोलताना, मृतदेहाचा आदर राखून त्याचा उपयोग रुग्णांसाठी व विज्ञानासाठी करता येतो, हे स्पष्ट केले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथाच्या २३०१ व्या परिच्छेदात संशोधनासाठी शवविच्छेदन नीतिसंमत असू शकते, आणि मरणोत्तर अवयवदान पुण्यप्रद आहे, असे म्हटले आहे. दोन्ही ठिकाणी दान हे दान असावे, ही अपेक्षा आहे. टॉलेमींच्या कैद्यांना कोणी विचारले नव्हते. आमच्या शिक्षकांनी स्वतः होऊन, शुद्धीवर असताना, स्वतःच्या सहीने देह देऊ केला होता. या दोन घटनांमध्ये आकाशपाताळाचे अंतर आहे, आणि आम्ही त्या एकाच शब्दात कोंबल्या.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी देह लागतातच. कोणी स्वेच्छेने दिले नाहीत, तर ते कोठून येतात? मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेल्या ॲनॉटमी कायद्यान्वये, ज्यांच्यावर कोणी हक्क सांगत नाही असे बेवारस मृतदेह वैद्यकीय संस्थांना देता येतात. त्यात क्रौर्य नाही. मृतांना वेदना नसते आणि कायद्याचा हेतूही चांगला आहे. पण फलाटावर किंवा पदपथावर मरण पावलेल्या त्या माणसालाही कोणी विचारलेले नसते. राजाच्या तुरुंगातील निनावी माणसापासून इस्पितळाच्या शवागारातील निनावी माणसापर्यंत एक धागा येऊन पोचतो. ज्याला नाव आहे, घर आहे, धर्मग्राम आहे, अशा माणसाने आपला देह देऊ केला, तर एका बेवारसाच्या जागी तो स्वतः उभा राहतो. आमच्या शिक्षकांच्या मनात हे होते की नाही, ते विचारण्याची वेळ आम्ही दवडली.

टर्टुलियनचा सवाल वाईट नव्हता. ज्ञानासाठी माणसाशी वैर धरता येते काय, हे वैद्याला विचारलेच पाहिजे. आजच्या प्रयोगशाळांनाही विचारले पाहिजे. परंतु आता आम्हांला वाटते, की हा प्रश्न वेदीवर उभ्या असलेल्या माणसालाही लागू आहे. एक वाक्य चांगले वठावे म्हणून आम्ही एका माणसाला न पाहताच त्याच्यावरून सुरी फिरविली.

येत्या मृतांच्या स्मरणदिनी आम्ही त्याच वेदीवरून हेरोफिलसची गोष्ट पुन्हा सांगणार आहोत. या वेळी मुंगीपासून सुरुवात करू. थोरल्या मुलाला निरोप धाडला आहे. तो येईल की नाही, ठाऊक नाही.